मराठी मुलखातले मिशनरी (लेखांक दुसरा) : परवान्याविना काढलेले वर्ष

मागच्या लेखात आपण गोव्याच्या फादर स्टीफन्सचा परिचय करून घेतला. १५७९ साली तो गोव्यात उतरला, तेव्हा पोर्तुगीज सत्ता त्याच्या धर्माच्या पाठीशी उभी होती. सव्वादोनशे वर्षांनी मुंबईत उतरलेल्या दोन अमेरिकन तरुणांचे नशीब याच्या अगदी उलटे होते. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे आणि त्यांचीच भाषा बोलणारे होते, पण या दोघांचे पाय आपल्या भूमीला लागू नयेत, अशी त्यांची इच्छा होती.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट अशी या दोघांची नावे. हॉल मॅसॅच्युसेट्समधल्या टॉलंड गावचा, तर नॉट कनेक्टिकटचा. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलमच्या चर्चमध्ये पाच तरुणांना धर्मदीक्षा देण्यात आली, त्यांत हे दोघे होते. दोनच वर्षांपूर्वी स्थापन झालेल्या ‘अमेरिकन बोर्ड’ या संस्थेने परदेशी धाडलेली ही पहिली तुकडी. निघण्यापूर्वी हॉलने फिलाडेल्फियात वैद्यकाची व्याख्याने ऐकून थोडेफार औषधोपचाराचे ज्ञान मिळवले होते. बोर्डाकडे पैसा बेताचा होता आणि हिंदुस्थानची माहिती तर त्याहून कमी.

ऑगस्टमध्ये ते कलकत्त्याला पोचले आणि तिथेच पहिला अडथळा आला. कंपनी सरकारचा हुकूम होता, परत जा. १८०६ साली वेल्लोरला शिपायांनी बंड केले होते. लोकांच्या धर्मात ढवळाढवळ झाली की राज्य डळमळते, हा धडा कंपनीचे अधिकारी त्या बंडातून शिकले होते. व्यापार सुरळीत चालावा, एवढेच त्यांना हवे होते. त्यातच जून १८१२ मध्ये अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारले. त्यामुळे कालपर्यंत नुसते नकोसे असलेले हे पाहुणे आता शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले.

पाचांची तुकडी बघता बघता विखुरली. त्यांतल्या जडसन आणि राइस यांनी पंथ बदलला. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेला. न्यूएल दांपत्याला मॉरिशसची वाट धरावी लागली आणि तिथे हॅरिएट न्यूएल वयाच्या एकोणिसाव्या वर्षी वारली. उरलेले हॉल, नॉट आणि नॉटची पत्नी रोक्साना यांनी मुंबईचे जहाज गाठले. ११ फेब्रुवारी १८१३ रोजी ते मुंबईत उतरले. हॉल तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता, नॉट चोवीस वर्षांचा.

परक्या देशातले पहिले दिवस म्हटले, की उन्हाळा, अन्नपाणी आणि आजारपण हे प्रश्न आधी डोळ्यांपुढे येतात. या दोघांच्याही वाट्याला ते आले. पुढे नॉटला प्रकृतीमुळेच १८१५ मध्ये परत जावे लागले. पण पहिल्या वर्षाचा खरा जाच निराळाच होता. उद्या आपण इथे असू की नाही, हे त्यांना रोज रात्री ठाऊक नसायचे. कलकत्त्याहून त्यांना इंग्लंडला पाठवून देण्याचे आदेश येत होते. घरच्या पत्राला काही महिने लागत आणि युद्धामुळे पैशांची आवकही बेभरवशाची झाली होती.

त्यांच्या सुदैवाने गव्हर्नर सर इव्हान नेपियन याचा बायबल सोसायटीच्या कार्याकडे ओढा होता. हुकूम मोडणे त्याला शक्य नव्हते, मात्र तो अमलात आणण्याची घाईही त्याने केली नाही. तरी वर्षअखेरीस दिवस भरत आल्याचे पाहून हॉल आणि नॉट रोक्सानाला मुंबईत ठेवून गुपचूप निघाले. सिलोन कंपनीच्या अमलाखाली नव्हते, म्हणून तिथे पोचायचा त्यांचा बेत होता. कोचीनपर्यंत मजल गेली, पण तिथून त्यांना पुन्हा मुंबईत आणण्यात आले. मग हॉलने गव्हर्नरला लिहिलेल्या अर्जात कायद्याचा कीस न काढता थेट त्याच्या सद्सद्विवेकाला हात घातला. आम्हाला हाकलल्याचा जाब तुम्हाला देवापुढे द्यावा लागेल, असा त्या अर्जाचा मथितार्थ होता. नेपियनने त्यांना तात्पुरते राहू दिले.

दरम्यान लंडनमध्ये वारे फिरले होते. जुलै १८१३ मध्ये पार्लमेंटने कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण केले, त्यात मिशनऱ्यांना परवाना घेऊन हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी करून दिली. अमेरिकनांचा प्रश्न त्यानंतर हळूहळू निवळला.

या अधांतरी महिन्यांत त्यांच्या हाती एकच काम होते, ते म्हणजे भाषा शिकणे. पलीकडे पुण्यात अजून दुसऱ्या बाजीरावाची सत्ता होती, तेव्हा घाटावर जाण्याचा प्रश्नच नव्हता. मुंबईच्या रस्त्यावर गुजराती, हिंदुस्थानी, कोकणी असे सारेच कानी पडे, त्यातून त्यांनी मराठी निवडली. साधने फार तुटपुंजी होती. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या विल्यम कॅरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये कोश छापला होता. मोल्सवर्थचा मोठा कोश यायला अजून अठरा वर्षे होती. त्यामुळे भिस्त शिकवणाऱ्या पंडितावर आणि देवळापाशी, बाजारात भेटणाऱ्या माणसांवर. हॉल तिथे जाऊन उभा राही आणि मिळेल त्याच्याशी बोले.

तो ज्या समाजाची भाषा शिकत होता, त्याच्या देवाधर्माविषयी मात्र त्याचे मत येण्याआधीच ठरलेले होते. मूर्तिपूजेबद्दल त्याने लिहिले ते कठोर शब्दांत. ऐकणाऱ्यांनीही त्याचे म्हणणे सहजासहजी स्वीकारले नाही. त्याच्या हयातीत धर्मांतरे जवळजवळ झालीच नाहीत.

धर्मप्रसाराच्या हिशेबात हे अपयशच होते. पण पहिल्या वर्षाने जी शिस्त लावली, ती टिकली. १८१५ मध्ये मिशनने मुंबईत मुलांची शाळा काढली, १८१७ पासून छापखाना चालू झाला. मराठी छपाईला त्या छापखान्याने दिशा दिली. गणपत कृष्णाजींना स्वतःचा छापखाना काढण्याची प्रेरणा तिथूनच मिळाली. ‘निर्णयसागर’चे जावजी दादाजीही लहानपणी तिथेच कामाला लागले होते. हॉल स्वतः २० मार्च १८२६ रोजी नाशिक भागातल्या दौऱ्यात पटकीने वारला. जवळची औषधे त्याने वाटेत आजाऱ्यांना वाटून टाकली होती.

सरकारने त्यांना आल्या दिवशीच परवाना दिला असता, तर हे दोघे कदाचित थेट प्रवचनालाच लागले असते. परवाना अडला म्हणून त्यांना आधी मराठी शिकावी लागली, आणि मराठी मुलखाला त्यांच्या धर्मापेक्षा त्यांच्या शाळा आणि त्यांचे छापील कागद अधिक उपयोगी पडले.

पुढील लेखात : १८२७ साली मुंबईला आलेली अविवाहित शिक्षिका सिंथिया फरार आणि तिच्या मुलींच्या शाळा.