जखमा न लपवणारे शहर : रुआं

फ्रान्सला जाणारे बहुतेक पर्यटक पॅरिसमध्येच रमतात. पण पॅरिसच्या सँ लाझार स्थानकातून गाडीत बसले की सुमारे दीड तासात नॉर्मंडी प्रांतातील रुआं हे जुने शहर येते. सेन नदीकाठच्या या शहराचा जुना भाग इतका आटोपशीर आहे की मुख्य स्थळे एका दिवसात पायी पाहून होतात. या शहराने एका तरुणीवरचा अन्याय पाहिला, प्लेग सोसला, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ले झेलले. त्याच्या खुणा आजही रस्त्यारस्त्यांवर दिसतात.

जिथे जोनला जाळले

फेरफटक्याची सुरुवात जुन्या बाजारचौकातून करावी. ३० मे १४३१ रोजी याच चौकात जोन ऑफ आर्कला जिवंत जाळण्यात आले. तेव्हा ती जेमतेम १९ वर्षांची होती. शेतकऱ्याच्या या मुलीने खचलेल्या फ्रेंच सैन्याला धीर देऊन ऑर्लेआं शहराला पडलेला इंग्रजांचा वेढा उठवला होता. पुढे ती पकडली गेली आणि इंग्रजांच्या ताब्यातील रुआंमध्ये तिच्यावर पाखंडीपणाचा खटला चालला. तिचा न्यायनिवाडा करणारे धर्मपंडित मात्र बहुतेक फ्रेंचच होते! तिची राखसुद्धा नदीत टाकण्यात आली. २५ वर्षांनी, १४५६ मध्ये, याच शहरात तो निकाल रद्द ठरवण्यात आला आणि १९२० मध्ये तिला संतपद मिळाले.

चौकात आता एक उंच क्रूस आहे आणि १९७९ मध्ये पूर्ण झालेले तिच्या नावाचे चर्च. त्याचे छप्पर पाहून कुणाला उलटी होडी आठवते, तर कुणाला ज्वाळा. आतल्या रंगीत काचा मात्र १६व्या शतकातील आहेत. त्या जवळच्याच सँ व्हँसाँ चर्चच्या. महायुद्धाची चाहूल लागताच त्या काढून सुरक्षित ठेवल्या गेल्या. १९४४ मध्ये ते चर्च जमीनदोस्त झाले, पण काचा वाचल्या आणि नव्या चर्चमध्ये बसवण्यात आल्या.

एकाच काट्याचे घड्याळ

चौकातून निघणाऱ्या रस्त्यावर वाहनांना बंदी आहे. दोन्ही बाजूंना लाकडी सांगाड्याची, रंगीबेरंगी जुनी घरे आहेत. आपल्याकडच्या वाड्यांप्रमाणे इथेही सारा भार लाकडी खांब-तुळयांवर असतो. मधल्या चौकटी माती वा चुन्याने भरतात. काही घरांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे झुकलेले दिसतात.

पुढे कमानीवर भले मोठे सोनेरी घड्याळ दिसते. याची यंत्रणा १४व्या शतकातील असून ती १९२८ पर्यंत चालू होती. घड्याळाला एकच काटा आहे, तासाचा. त्याकाळी मिनिटांची घाई होती कुणाला? काट्याच्या टोकाला मेंढी आहे, कारण लोकरीच्या व्यापाराने हे शहर श्रीमंत झाले. चंद्राच्या कला दाखवणारा गोळाही वर बसवलेला आहे.

जवळच जुने न्यायमंदिर आहे. त्याच्या नक्षीदार दगडी भिंतीवर १९४४च्या माऱ्याचे खळगे जाणूनबुजून तसेच ठेवले आहेत.

लोण्याचा मनोरा

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला नोत्र दाम कॅथीड्रल उभे आहे. त्याच्या एका मनोऱ्याला ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात. उपवासाच्या काळात लोणी खाण्याची मुभा मिळावी म्हणून भाविकांनी दिलेल्या पैशांतून तो उभारला गेला, असे सांगतात.

१८२२ मध्ये वीज पडून मधला कळस जळाला. त्याजागी बिडाचा नवा कळस उभारण्यात आला. १५१ मीटर उंचीच्या या कळसामुळे १८७६ ते १८८० या काळात ही जगातील सर्वात उंच इमारत होती. चित्रकार क्लोद मोने याने १८९२ व १८९३ मध्ये समोरच्या इमारतींच्या खिडकीत बसून बदलत्या उन्हातील हीच दर्शनी भिंत पुन:पुन्हा रंगवली. ती ३०हून अधिक चित्रे आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत.

एप्रिल १९४४च्या बॉम्बहल्ल्यात इमारत कोसळता कोसळता वाचली. जूनच्या आरंभी एक मनोरा जळाला. डागडुजी कित्येक वर्षे चालली. जुलै २०२४ मध्ये दुरुस्ती चालू असताना कळसाला पुन्हा आग लागली, तेव्हा शहराचा श्वासच रोखला गेला असेल. सुदैवाने ती लवकर आटोक्यात आली.

प्लेगची आठवण

पाच मिनिटे चालल्यावर सँ माक्लू चर्चमागचे एक अंगण लागते. चारही बाजूंना लाकडी इमारती, मध्ये झाडे. जवळ जाऊन पाहिले की तुळयांवर कोरलेल्या कवट्या, हाडे, फावडी दिसू लागतात. प्लेगच्या साथीत मेलेल्यांना इथे पुरत. जागा अपुरी पडू लागली तेव्हा जुनी हाडे काढून माळ्यावर रचली जात. पुढे याच इमारतींत मुलांची शाळा भरली, नंतर कलाशाळा. जिथे मृतांची गर्दी होती तिथे मुले खेळली, शिकली. आज पर्यटक तिथे निवांत बसतात.

रुआंला जाताना आरामदायी बूट घालावेत, कारण रस्ते फरसबंदीचे आहेत. छत्री विसरू नये, कारण नॉर्मंडीचा पाऊस लहरी आहे. मुले सोबत असतील तर घड्याळ आणि जोनची गोष्ट त्यांना आधीच सांगून ठेवावी. न्यायमंदिराच्या भिंतीवरचे खळगे बुजवणे मुळीच अवघड नव्हते. ते तसेच ठेवायचे ठरवणाऱ्यांनी पुढच्या पिढ्यांना एक धडा मागे ठेवला आहे.