नंतर वाचावयाचे लेख : ॲपची निवड कशी करावी?

भोपाळ येथे १९८४ मध्ये विजयदत्त श्रीधर यांनी माधवराव सप्रे यांच्या स्मरणार्थ समाचारपत्र संग्रहालय स्थापन केले. मराठी घराण्यातील या हिंदी संपादकाने १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ़ मित्र’ मासिक सुरू केले आणि पुढे लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. संग्रहालयात जुनी वृत्तपत्रे व नियतकालिके जतन केलेली आहेत. कागद पिवळा पडतो, कडा तुटतात, वाळवीचे भय असतेच. तथापि अंक कपाटात आहे तोवर त्यातील मजकूर वाचता येतो. इंटरनेटवरील लेखाची गोष्ट निराळी आहे. तो दुसऱ्याच्या संगणकावर असतो आणि मालकाने तो काढून टाकला की आपल्या हाती केवळ त्याचा पत्ता उरतो.

दिवसभराच्या कामात दृष्टीस पडलेला लेख सायंकाळी सवडीने वाचता यावा, यासाठी काही ॲप उपलब्ध आहेत. लेखाचा पत्ता दिला असता ॲप ते पान आणते, जाहिराती वगळते आणि मुख्य मजकूर वाचनास सुलभ करून ठेवते. हा मजकूर मोबाईलमध्येही उतरून घेतला जात असेल, तर नेटवर्क नसलेल्या गावीही तो वाचता येतो. सर्वच ॲप असे करीत नाहीत. काही केवळ पत्त्यांची यादी ठेवतात. म्हणून निवड करण्यापूर्वी चार-पाच लेख साठवावेत, मोबाईलचे इंटरनेट बंद करावे आणि ते उघडून पाहावेत. जाहिरातीतील वर्णनापेक्षा ही परीक्षा अधिक विश्वासार्ह होय.

परीक्षेसाठी लेख मात्र मराठीच घ्यावेत. मराठी विश्वकोशातील नोंदी युनिकोडमध्ये असल्याने त्या सहसा नीट उतरतात. काही जुन्या संकेतस्थळांचा मजकूर विशिष्ट फाँटमध्ये बांधलेला असतो; तो ॲपमध्ये आला की अक्षरांचा नुसता गोंधळ दिसतो. वृत्तपत्राचे पान चित्ररूपात असेल तर त्यातून मजकूर बहुधा निघतच नाही. शासकीय आदेश पुष्कळदा पीडीएफ स्वरूपात असतात. अशी फाइल मोबाईलमध्ये वेगळी उतरवून ठेवणेच सोयीचे.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, ॲप बंद पडल्यास संग्रहाचे काय होणार? ही भीती काल्पनिक नाही. २००७ मध्ये ‘रीड इट लेटर’ या नावाने सुरू झालेले ‘पॉकेट’ २०१७ मध्ये मोझिलाने घेतले आणि ८ जुलै २०२५ रोजी ते बंद झाले. सदस्यांना आपला संग्रह उतरवून घेण्यास काही महिन्यांची मुदत मिळाली खरी, परंतु त्या फाइलीत लेखांची शीर्षके आणि पत्ते होते, मजकूर नव्हता. मूळ पाने नाहीशी झालेली असल्यास वर्षानुवर्षे जमविलेल्या त्या यादीचा उपयोग तो काय? ‘ऑम्निव्होर’ हे ॲप २०२४ च्या अखेरीस बंद झाले, तेव्हा तर सदस्यांच्या हाती काही आठवडेच होते.

सबब, संग्रह बाहेर काढता येतो काय, आणि मजकुरासह येतो काय, हे प्रथम पाहावे. ‘इन्स्टापेपर’ २००८ पासून चालू आहे. वापरण्यास सोपे असून काही जादा सोयींसाठीच शुल्क पडते. ‘वॉलबॅग’ ही मुक्त आज्ञावली स्वतःच्या सर्व्हरवर बसविता येते आणि तिच्यातून लेख मजकुरासह पीडीएफमध्ये काढता येतात. मात्र सर्व्हर सांभाळणारी जाणकार व्यक्ती हवी. एकट्या शिक्षकाने त्या खटाटोपात न पडलेले बरे, असे आमचे मत आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी अशी व्यक्ती असेल, तर अनेक शाळांनी मिळून ते करावे.

जो लेख उद्या वर्गात किंवा कार्यालयीन टिपणीत लागणार आहे, तो कोणत्याही ॲपच्या भरवशावर ठेवू नये. ब्राउझरमधील मुद्रणाच्या सोयीने त्याचे पीडीएफ करावे, फाइलीच्या नावात लेखकाचे नाव व दिनांक घालावा, आणि एक प्रत मोबाईलबाहेर, पेनड्राइव्हवर अथवा शाळेच्या संगणकावर ठेवावी.