हळदीचा डाग साबणानं लाल का झाला?



या लग्नसराईत आपल्या एका गटाच्या गादीच्या खुर्च्या भाड्याने गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा सहा खुर्च्यांवर हळदीचे आणि रश्श्याचे पिवळे डाग! मी त्या दिवशी बैठकीला तिथेच होते. मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "त्यात काय, धुण्याचा साबण लावा आणि ब्रशने घासा." तायांनी घासलं, आणि पिवळे डाग लाल झाले. पुढच्या गिऱ्हाइकाने त्या सहा खुर्च्या बाजूला काढून ठेवल्या. कर्जाचा हप्ता ज्या भाड्यातून जातो, तेच भाडं कमी आलं. चूक माझी होती, म्हणून नीट माहिती घेऊन हे लिहिते आहे.

लाल का झाला?
पाय मुरगळला की आपण हळद-चुन्याचा लेप लावतो. हळद पिवळी, चुना पांढरा, पण लेप होतो लाल. कारण हळदीतल्या रंगाला खार लागला की तो लाल होतो. धुण्याचा साबण, पावडर आणि सोडा हे सगळे खाराचेच. म्हणून हळदीच्या डागाला ते आधी लावायचे नाहीत. लाल झालाच, तर गाळलेल्या लिंबाच्या रसात किंवा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दुप्पट पाणी घालून फडक्याने टिपा. डाग परत पिवळा होतो. जात नाही, पण पुढचं काम सोपं होतं.

गादी म्हणजे साडी नव्हे
साडी बादलीत बुडवता येते, पिळता येते. गादीत आत फोम असतो, खाली प्लायवूड आणि पिना असतात. पाणी ओतलं तर ते आतच राहतं. मग कुबट वास येतो, बुरशी धरते, प्लाय फुगतं, पिना गंजतात. म्हणून कमीत कमी पाणी वापरायचं. आणि घासायचं नाही, टिपायचं. घासलं की डाग आत जातो आणि पसरतो. टिपताना कडेकडून मध्याकडे या.

रस्सा, भाजी सांडली तर
१. घट्ट भाग चमच्याने अलगद उचला.
२. तेल ओढून घ्यायला वर मक्याचं पीठ किंवा टाल्कम पावडर टाका. वीस मिनिटांनी झटका.
३. वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाकून फेस करा. फक्त फेस फडक्यावर घेऊन टिपा.
४. साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने फेस काढा. नाही काढला तर तिथे धूळ चिकटते.
५. खुर्ची उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात विटतो. एकदोन दिवस दुपारचं ऊन पुरतं. जास्त दिवस ठेवलं तर कापडाचाही रंग उडेल.

चहा सांडला तर
लगेच कोरडं फडकं दाबून चहा शोषून घ्या. मग गार पाण्याच्या फडक्याने टिपा. गरम पाणी नको, त्याने दूध कापडाला धरून बसतं. नंतर वरच्यासारखाच फेस. तपकिरी कड उरली तर व्हिनेगरचं पाणी. श्रीखंड, मठ्ठा यांनाही गारच पाणी.

या तीन गोष्टी विसरू नका
- काहीही लावायच्या आधी खुर्चीच्या मागे, न दिसणाऱ्या जागी थोडंसं लावून बघा. रंग फडक्यावर उतरला तर थांबा.
- ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी रंगीत कापडाला लावू नका. आणि ते लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुवायच्या ॲसिडमध्ये तर कधीच मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.
- रेक्झिनची खुर्ची असेल तर काम सोपं. फेसाच्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडी करा.

धंद्याच्या दृष्टीने
ताजा डाग लवकर निघतो, वाळलेला जास्त वेळ खातो. म्हणून खुर्च्या परत घेताना गिऱ्हाइकासमोरच एकेक बघा आणि डाग रजिस्टरमध्ये लिहा. अनामत रकमेतून किती कापायचं, हे आधीच बोलून ठेवा, म्हणजे नंतर वाद नको. हळदीच्या दिवशी गादीच्या खुर्च्या न देता प्लास्टिकच्याच द्या. खुर्च्यांसोबत एक पिशवी ठेवा: जुनी सुती फडकी, चमचा, पावडर, लिक्विडची छोटी बाटली.

त्या सहापैकी चार खुर्च्या या पद्धतीने पुन्हा भाड्याने जायला लागल्या. दोन खुर्च्यांवर डाग फिका झाला, पण दिसतो. त्यांना गटातल्याच एका ताईने जुन्या साडीचे कव्हर शिवले आहेत.

तुमच्याकडे याहून चांगला उपाय असेल तर पुढच्या मासिक बैठकीत नक्की सांगा. मी वही घेऊन येते. या वेळी शिकवायला नाही, शिकायला!

तुमची,
क्षेत्र समन्वयक