गोठविलेले कस्टर्ड

कस्टर्ड हा शब्द आपल्या सुशिक्षित घरांतून गेली कित्येक वर्षे वावरत आहे. डब्यातील पिवळसर पूड थंड दुधात कालवावी, ती उकळत्या दुधात सोडावी, दाटपणा येताच पातेले उतरवावे आणि निवाल्यावर त्यात केळी, द्राक्षे, डाळिंबाचे दाणे घालावे, ही कृती शाळकरी मुलांनाही अवगत असते. त्यामुळे कस्टर्ड म्हणजे मक्याच्या पिठाने दाट केलेले गोड दूध, असे आपण धरून चालतो. हे गृहीत मनात ठेवून कोणी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात गेला, तर त्याची फसगत व्हावयाची. तेथे लहानसहान गावांतून ‘फ्रोझन कस्टर्ड’ अशी पाटी लावलेली दुकाने आढळतात. त्यांत मिळणारा पदार्थ दिसावयास आइस्क्रीमसारखा असतो, पण त्याचा सारा प्राण अंड्याच्या पिवळ्या बलकात असतो.

वास्तविक युरोपातील मूळचे कस्टर्ड बलकाचेच. दूध, साखर आणि बलक ही मंद आचेवर सतत ढवळीत राहिले, म्हणजे बलकातील प्रथिने उष्णतेने आळतात आणि दुधास दाटपणा येतो. १८३७ साली बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याने अंड्यावाचून होणारी कस्टर्डची पूड तयार केली. त्याच्या पत्नीस अंडी मानवत नसत, हे त्याचे कारण. आपल्याकडील शाकाहारी स्वयंपाकघरांत कस्टर्डचा सुखाने प्रवेश झाला तो या निरंड पुडीच्या रूपाने. नाव तेच राहिले आणि वस्तू मात्र बदलली.

गोठविलेल्या कस्टर्डची हकीकत याहून अलीकडची आहे. पेन्सिल्व्हेनियातील कोअर घराण्याचा दूध घरोघर पोहोचविण्याचा व्यवसाय होता. त्या घराण्यातील आर्ची कोअर हा पेशाने शाळामास्तर. (शाळामास्तराने जोडधंदा शोधावा, ही गोष्ट सर्व देशांत सारखीच दिसते!) त्याने आइस्क्रीमचे यंत्र घेतले, आणि १९१९ साली न्यूयॉर्कमधील कोनी आयलंड या समुद्रकाठच्या करमणुकीच्या ठिकाणी त्या भावांनी दुकान मांडले. मिश्रणात बलक घातल्यास पदार्थ अधिक मऊ होतो आणि लवकर वितळत नाही, असे त्यांना आढळून आले. पहिल्या शनिवार-रविवारी पाच सेंटांस एक याप्रमाणे १८,४६० कोन खपले, असे त्या घराण्याची पेढी सांगते. पुढे १९३३ साली शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात या पदार्थाची ओळख अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील लोकांना झाली. विस्कॉन्सिन हे मुळात गोपालनाचे राज्य. दूध आणि साय यांना तेथे तोटा नाही. तेथील मिल्वॉकी शहरात १९३८ साली गिलीज व १९४२ साली लिऑन्स ही दुकाने निघाली, आणि पुढे कस्टर्ड हे त्या भागाचे जणू कुलदैवतच होऊन बसले.

माझी कन्या व जावई मिल्वॉकीस असतात. त्यांच्याकडे एक उन्हाळा काढण्याचा योग आला असता एका सायंकाळी आम्ही शहराबाहेरच्या एका गावी गेलो होतो. गाव कसले, एक हमरस्ता, एक चर्च, धान्याचे उंच कोठार आणि त्याच्या अलीकडे हे दुकान. आत बसावयास जागा नव्हती. भिंतीत दोन खिडक्या, त्यांपुढे माणसांच्या रांगा आणि बाहेर लाकडी बाके, एवढाच पसारा. शेतावरून परतलेली माणसे, पोरवडा घेऊन आलेल्या आया, काठी टेकीत आलेले वृद्ध, सर्व एकाच रांगेत उभे होते. फळीवर खडूने त्या दिवसाचा खास स्वाद लिहिलेला होता. तो रोज बदलतो, आणि व्हॅनिला व चॉकलेट ही मात्र कायमची.

आमची पाळी जवळ आली तशी सौभाग्यवती हळूच म्हणाली, “अहो, यात अंडे असते का, ते आधी विचारा.” कन्या संकोचली. “आई, चवीला मुळीच कळत नाही गं,” असे ती बोलून गेली. “कळत नाही म्हणूनच विचारावयाचे,” असे तिला उत्तर मिळाले. खिडकीतल्या मुलाने निःसंकोचपणे सांगितले की, होय, अंडे असतेच. सौभाग्यवतीने लिंबाचे सरबत घेतले. मी अंडे वर्ज्य मानीत नाही. मी कस्टर्ड घेतले. मला तिचे वागणे योग्य वाटले. आपल्याकडे अंडे असलेल्या वेष्टनावर तपकिरी रंगाची मांसाहारी खूण असते आणि शाकाहारी पदार्थावर हिरवी. अमेरिकेतील कायदा अशी खूण मागत नाही. ज्याला व्रत पाळावयाचे त्याने तेथे तोंड उघडून विचारले पाहिजे, आणि विचारण्यात लाज वाटण्याजोगे काहीच नाही.

तेथील कायदा दुसऱ्या एका बाबतीत मात्र काटेकोर आहे. ‘फ्रोझन कस्टर्ड’ हे नाव लावावयाचे, तर साध्या स्वादाच्या पदार्थात दुधाची स्निग्धता शेकडा १० आणि बलकाचा घनांश शेकडा १.४ तरी असलाच पाहिजे. १.४ हा आकडा क्षुल्लक भासेल, परंतु त्याची करामत मोठी आहे. पाणी आणि तूप एकमेकांत मिसळत नाहीत, हे आपण जाणतो. बलकात लेसिथिन नावाचे द्रव्य असते. त्याच्या कणाचे एक टोक पाण्यास धरते व दुसरे स्निग्धास. अशा रीतीने ते दोन वैऱ्यांना एका पंक्तीस बसविते. जिभेला जी रेशमी मृदुता जाणवते ती पुष्कळशी या मध्यस्थाची कृपा होय.

दुसरे कारण हवा. आइस्क्रीम गोठत असता ते घुसळले जाते व त्यात हवा शिरते. थोडी हवा हवीच, नाही तर पदार्थ दगड होईल. परंतु हवेस दाम पडत नाही, हे कारखानदारास कळावयास वेळ लागला नाही. एक लिटर मिश्रणात तितकीच हवा भरली, की दोन लिटर आइस्क्रीम होते! कस्टर्डच्या यंत्रात हवा पुष्कळ कमी शिरते. म्हणूनच हातातील लहानसा कोन जड लागतो.

ते यंत्र मी खिडकीतून बराच वेळ पाहत राहिलो, इतका की मागच्या गृहस्थाने खाकरून मला जागे केले. आडवे पोलादी नळकांडे, त्याच्या भिंतीस बाहेरून यंत्राची थंडी, आणि आत फिरणारी पाती. वरून पातळ मिश्रण सोडतात. भिंतीस टेकताच त्याचा पातळ थर गोठतो, आणि बर्फाचे कण मोठे होण्यापूर्वीच पाते तो खरवडून काढते. समोरच्या तोंडातून घडीघडीची जाड फीत संथपणे खाली सरकत येते आणि पात्रात साचते. तेथून ती सरळ कोनात जाते. नेहमीचे आइस्क्रीम यानंतर कडक थंडीत ठेवून घट्ट करतात. ती पायरी येथे गाळलेली असते. कस्टर्ड शून्याखाली आठ अंशांच्या आसपास वाढतात, तर आइस्क्रीम त्याहून चारसहा अंशांनी अधिक थंड असते. अति थंडीने जीभ बधिर होते व स्वाद मंदावतो. कस्टर्ड त्या मानाने उबदार, म्हणून त्याची चव चटकन खुलते.

हा सारा थाट काही तासांचा असतो. साठविलेल्या गोठीव पदार्थात थंडीचा चढउतार झाला की सूक्ष्म बर्फकण थोडे वितळतात आणि पुन्हा गोठताना शेजारच्या मोठ्या कणांस चिकटतात. लहान नाहीसे होतात, मोठे आणखी मोठे होतात, आणि जिभेस रवाळपणा जाणवू लागतो. घरी आणलेला डबा टेबलावर विसरून पुन्हा शीतकपाटात ठेवला, की तिसऱ्या दिवशी जे कचकचते ते हेच. म्हणून कस्टर्ड जेथे होते तेथेच, रांगेत उभे राहून खावयाचे असते. डबे भरून दूर पाठविता येतात, पण खिडकीपाशी मिळणारी वस्तू काही त्यांतून जात नाही. शहराशहरांतून शाखा काढलेल्या पेढ्यांनीही (सॉक सिटी या लहान गावी १९८४ साली निघालेली कल्व्हर्स ही त्यांतली नामांकित) हे यंत्र प्रत्येक दुकानात ठेवले आहे, ते याचसाठी.

ही ताजेपणाची गोष्ट आपल्या जुन्या पिढीस नवी नाही. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात आइस्क्रीमचा संचा भाड्याने आणीत. लाकडी बादली, तिच्यात धातूचे भांडे, भोवती फोडलेला बर्फ व खडे मीठ, आणि दांडा फिरविण्यास घरातील सारी मुले. हा संचाही मूळचा अमेरिकेचाच. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ साली त्याचे पेटंट घेतले. तीन भाग बर्फास एक भाग मीठ पडले, की मिश्रणाची थंडी शून्याखाली २१ अंशांपर्यंत उतरू शकते. कारण मिठामुळे बर्फ वितळू लागतो आणि वितळण्यास लागणारी उष्णता, दर ग्रॅमला ८० कॅलरी, आतल्या भांड्यातून ओढून घेतो. संच्यात हवा थोडीच शिरते, पदार्थ त्याच घटकेस वाटला जातो. बलक वगळला, तर विस्कॉन्सिनच्या खिडकीतील वस्तू आणि आमच्या ओटीवरचे आइस्क्रीम सख्खी भावंडेच म्हणावयाची.

आता आपल्या बाजारातील डब्यांविषयी. आपल्याकडील नियमांप्रमाणे साध्या ‘आइस्क्रीम’मध्ये दुधाची स्निग्धता शेकडा १० तरी असावी लागते. दुधातुपाऐवजी वनस्पतीचे तेल वापरले, तर त्यास आइस्क्रीम म्हणता येत नाही; वेष्टनावर ‘फ्रोझन डेझर्ट’ असे छापावे लागते. ते खाण्यास कोणाची हरकत नसावी, परंतु मुलांसाठी दुधाचा पदार्थ म्हणून पैसे मोजणाऱ्या गृहिणीने ही दोन नावे ताडून पाहावी. अक्षरे बहुधा बारीक असतात. चष्मा जवळ असू द्यावा. आणि हवेची परीक्षा तर घरच्या तागडीवरही होते. नियमाप्रमाणे एक लिटर आइस्क्रीमचे वजन ५२५ ग्रॅमपेक्षा कमी असता कामा नये. डबा तोलावा, आइस्क्रीम संपल्यावर रिकामा डबा पुन्हा तोलावा, आणि वजाबाकी मुलांकडून करवून घ्यावी.