सोडचिठ्ठी, समन्स आणि सातबारा

पाचशे रुपयांचा स्टॅम्पपेपर, त्यावर ‘उभयता राजीखुशीने विभक्त होत आहोत’ असा मजकूर, दोन्हीकडचे दोन-दोन साक्षीदार आणि नोटरीचा शिक्का. एवढ्यावर सोडचिठ्ठी झाली असं मानणारी माणसं हिंजवडीजवळच्या माणमध्ये आहेत, चाकणमध्ये आहेत आणि आयटी पार्कच्या बाराव्या मजल्यावर काम करणारीही आहेत. त्या कागदाने लग्न मोडत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ ने रूढीने चालत आलेला काडीमोड मान्य केला आहे, हे खरं. पण तशी रूढी आपल्या समाजात पूर्वापार आणि अखंड चालत आली आहे, हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं आणि बहुतेकांना ते जमत नाही. तोवर एखाद्याने दुसरं लग्न उरकलेलं असतं. पहिलं लग्न कायद्याने उभं असल्यामुळे दुसरं रद्दबातल ठरतं आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हा होतो तो वेगळाच. सगळ्यात जास्त फसते ती दुसरी बायको. तिला तो कागद दाखवूनच बोहल्यावर उभं केलेलं असतं.

म्हणून असे कागद जिथे ठरतात त्या बैठकीला नावं ठेवावीत असं नाही. चार जाणती माणसं बसून दागिने, भांडीकुंडी, एकरकमी पोटगी ठरवतात आणि पुष्कळदा ते नीट ठरवतात. फक्त तिथं जे ठरलं ते कोर्टापुढे ठेवून हुकूमनामा घ्यायचा राहून जातो. हिंदू विवाह कायद्याने त्यासाठी कलम १३-ब ची, परस्पर संमतीच्या घटस्फोटाची वाट ठेवली आहे. लोक तिला ‘म्युच्युअल’ म्हणतात.

पण अर्ज टाकायचा कुठे? माणच्या माणसाला हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त छळतो. गाव ग्रामपंचायतीचं, तालुका मुळशी, तहसील आणि तालुक्याचं न्यायालय पौडला, पोलीस ठाणं हिंजवडीचं आणि ते पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाखाली. कौटुंबिक न्यायालयं १९८४ च्या कायद्याने आली. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरासाठी ती स्थापावी लागतात आणि त्यांची हद्द अधिसूचनेने ठरते. जे गाव त्या हद्दीत येत नाही, तिथल्या घटस्फोटाचा अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतो. पुण्यात दोन्ही ठिकाणं शिवाजीनगरलाच आहेत. माणपासून उभारलेल्या मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेचं शेवटचं स्थानकही ‘सिव्हिल कोर्ट’च. पण एकाच परिसरात असली तरी दारं दोन आहेत. कौटुंबिक न्यायालयात आधी समुपदेशकापुढे बसावं लागतं आणि वकील लावणं हा तिथे पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. दिवाणी न्यायालयात वकीलपत्र नेहमीसारखं दाखल होतं आणि समेटासाठी प्रकरण मध्यस्थी केंद्राकडे जातं. चुकीच्या दारात टाकलेला अर्ज हद्दीच्या मुद्द्यावर परत येतो आणि मधले महिने फुकट जातात.

शिवाय माणमध्ये राहणारे सगळे कुठे माणचे आहेत? लग्न लातूरला, संसार भोईरवाडीतल्या भाड्याच्या खोलीत, भांडणानंतर बायको बीडला माहेरी, नवरा कंत्राटदार बदलून चाकणला, असं या पट्ट्यातलं नेहमीचं चित्र. कायदा इथे बाईच्या बाजूने बराच उदार आहे. लग्न जिथे झालं, दोघं शेवटी एकत्र जिथे राहिली किंवा सामनेवाला जिथे राहतो, तिथे अर्ज करता येतोच. २००३ च्या दुरुस्तीपासून अर्जदार पत्नी असेल तर ती आज राहते तिथेही करता येतो. म्हणजे बीडच्या मुलीने दर तारखेला पुण्याची एसटी धरायची गरज नाही. नवऱ्याने आधीच पुण्यात अर्ज टाकला असेल, तर तो आपल्या जिल्ह्यात वर्ग करून मागता येतो. अशा वेळी पत्नीची सोय पाहावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येही पुन्हा सांगितलं आहे.

‘म्युच्युअल’ला लग्नाला निदान वर्ष झालेलं असावं लागतं आणि दोघं वर्षभर वेगळी राहिलेली असावी लागतात. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिने थांबायचं. हे सहा महिने माफ होऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या अमरदीप सिंग खटल्यात सांगितलं, मात्र पोटगी, मुलांचा ताबा, दागिने हे सगळं खरोखर मिटलेलं असलं तरच. जुलै २०२४ मध्ये पुण्याच्याच एका जोडप्याला पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाने ही सवलत नाकारली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने दिली. आणि एक गोष्ट वकिलाला विसरू देऊ नका: हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून ठरलेली रक्कम पहिल्या दिवशी सगळी देऊन टाकू नये आणि सगळी शेवटासाठी अडवूही नये. निम्मी अर्जाच्या वेळी, निम्मी हुकूमनाम्याच्या दिवशी, ही रीत दोघांनाही सांभाळते.

एकाची संमती नसेल तर मात्र रस्ता लांबचा. कायद्यात लिहिलं आहे की नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात ती नोटीस बजावायलाच कित्येकदा तेवढा काळ जातो. बेलीफ माणमधल्या खोल्यांच्या एका ओळीपाशी येतो. पत्त्यावर फक्त घरमालकाचं आडनाव आणि ‘माण, ता. मुळशी’. शेजारी सांगतात, ते तर गणपतीआधीच खोली सोडून गेले. समन्सच्या पाठीवर ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा पडतो आणि रोजनाम्यात पुढची तारीख. असं दोन-तीनदा झालं की अर्जदार थकतो, वकिलाला दोष देतो. खरं तर अर्ज टाकण्याआधी चार दिवस खर्चून सामनेवाल्याचा गावाकडचा पत्ता, कंपनीचा पत्ता, कंत्राटदाराचं नाव, मोबाइल नंबर मिळवला असता तर वर्ष वाचलं असतं. तरीही माणूस सापडत नसेल तर दारावर नोटीस डकवून किंवा वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन बजावणी करण्याची परवानगी न्यायालय देतं.

समन्स ज्याला येतं त्याच्यासाठीही सांगायलाच हवं. ते घेतलं नाही म्हणजे केस टळत नाही, ती एकतर्फी चालते. ईकोर्ट्सच्या अॅपवर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि टप्पा घरबसल्या दिसतो. कारखान्यातली पाळी बुडवून, दिवसभर पुकाऱ्याची वाट बघून, कोर्टाला आज सुटी होती हे संध्याकाळी कळणं, एवढा तरी मनस्ताप आता कुणी सोसू नये.

आता पैशाकडे येतो, कारण घटस्फोटाच्या निकालाआधी माणसं मोडतात ती इथे. दावा चालू असताना हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली किंवा न्यायदंडाधिकारी अथवा कौटुंबिक न्यायालयाकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली अंतरिम पोटगी मागता येते. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५ ते हेच, आणि ते सगळ्या धर्मांच्या पत्नींना लागू आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रजनेश विरुद्ध नेहा’ हा निकाल दिला. प्रकरण सुरू झालं होतं आपल्याच नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात, पत्नीला महिना १५ हजार रुपये देण्याच्या हुकुमातून. या निकालाने दोन गोष्टी बदलल्या. पोटगी अर्ज केल्या तारखेपासून द्यायची आणि दोघांनीही मालमत्ता व देण्यांचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात दाखल करायचं.

त्या नमुन्यांत शेती करणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे, हे माणमध्ये फार थोड्यांना ठाऊक असतं आणि नेमकं इथेच ते हवं. एमआयडीसीला जमीन गेलेल्या घरातला मुलगा कोर्टात सांगतो, नोकरी नाही, उत्पन्न शून्य. सॅलरी स्लिप नाही, फॉर्म १६ नाही. पण वडिलांच्या नावावरच्या सातबाऱ्यात त्याचा हिस्सा असू शकतो, आठ अ वर गट दिसतात, रस्त्याकडेला वीस खोल्यांचं भाडं येतं, दारात दुधाचा धंदा आहे. हे सगळं मांडणं पत्नीच्या वकिलाचं काम, पण उतारे आधी तिने काढून ठेवायला हवेत. ते ऑनलाइन मिळतात. भाडेकरूंच्या पावत्या, गाडीच्या कर्जाचे हप्ते, मुलाच्या शाळेची फी कोण भरत होतं याचे बँकेचे उतारे, यातला एकेक कागद दहा पानांच्या आरोपांपेक्षा जड असतो. पोटगीचा हुकूम झाला आणि पैसे आले नाहीत, तर कलम १४४ खालच्या थकबाकीच्या वॉरंटसाठी ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ‘देईल कधीतरी’ म्हणून थांबलेल्या बाईचे महिने असे हातचे जातात.

खर्चाला घाबरून बायका गप्प बसतात, त्यांनी हे ऐकावं. घटस्फोट, पोटगी आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत महिलांची कोर्ट फी राज्य सरकारने १ ऑक्टोबर १९९४ पासून माफ केली आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलेला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी तिचं उत्पन्न विचारलं जात नाही. मारहाण होत असेल, घरातून काढलं असेल तर घटस्फोटाची वाट न बघता २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण, राहायला जागा आणि खर्च मागता येतो, तोही ती तात्पुरती जिथे आसऱ्याला आहे तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

पोटगी मागितली की उत्तरादाखल हमखास येते ती ‘नांदायला ये’ अशी नोटीस. म्हणजे हिंदू विवाह कायद्याचं कलम ९. नांदायला लावण्याच्या या दाव्याची आठवण मराठी मुलखाला जुनी आहे. १८८४ मध्ये दादाजी भिकाजींनी मुंबईत पत्नी रखमाबाईंवर असाच दावा लावला. १८८५ मध्ये तो फेटाळला गेला, पण १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली आणि त्या शिकून डॉक्टर झाल्या. आज या कलमाखाली कुणाला तुरुंगात घालत नाहीत. आणि असा हुकूमनामा नवऱ्याच्या हाती असला तरी न नांदण्यामागे पत्नीचं सबळ कारण असेल तर तिची पोटगी बुडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून त्या नोटिशीला घाबरून माघार घेऊ नये, कारणांसकट लेखी उत्तर द्यावं.

मुलांबाबत एकच आग्रह. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं, पण भेटीचे हक्क दुसऱ्या पालकाला असतात आणि भांडणं पुढे वर्षानुवर्षं त्यावरूनच पेटतात. संमतीच्या अटींत ‘सोयीनुसार भेट’ असं मोघम लिहू देऊ नका. कुठला शनिवार, किती वाजल्यापासून, मुलाला आणायचं-सोडायचं कुणी, गणपती कुणाकडे, दिवाळीचे कुठले दिवस कुणाकडे, मे महिन्याची सुटी कशी वाटायची, रोजचा व्हिडिओ कॉल किती वाजता, हे सगळं लिहून घ्या. मूल मोठं झालं, गाव बदललं की हा आदेश बदलून मागता येतो.