उभ्या गाडीचा विमा

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, घरात नातवंड येऊ घातलेलं, म्हणून पुण्या-नाशिकचे आईबाबा सहा महिन्यांसाठी निघतात. गॅस बंद, पेपर बंद, कामवाल्या मावशींना सुट्टी, घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे. या बंदच्या यादीत गाडीचा विमाही जाऊन बसतो. ‘गाडी हलणारच नाही, मग प्रीमियम कशाला भरायचा? आल्यावर बघू.’ ही काटकसर अंगाशी येते.

रस्त्यावरच्या धडकेचा धोका उभ्या गाडीला कमी, हे खरं. पण पूर, आग, अंगावर कोसळणारं झाड आणि चोरी यांना गाडी चालती लागत नाही. 22 जुलै 2021 रोजी चिपळुणात आणि 25 जुलै 2024 रोजी पुण्याच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या दारात किंवा पार्किंगमध्ये उभ्या असतानाच बुडाल्या. हे नुकसान नुसत्या थर्ड पार्टी विम्यातून मिळत नाही. त्यासाठी ओन डॅमेजचं संरक्षण लागतं, आणि लोक नेमकं तेच सोडून देतात.

दुसरा फटका नो क्लेम बोनसचा. एकही क्लेम न करता पाच वर्षं गेली की ओन डॅमेजच्या प्रीमियमवर 50 टक्के सूट मिळते. म्हणजे 12 हजारांच्या जागी 6 हजार. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की ही सूट शून्यावर येते आणि पुन्हा 20 टक्क्यांपासून चढायला लागतं. सहा महिन्यांच्या मुक्कामात हे 90 दिवस कधी सरले ते कळतही नाही. शिवाय मुदत संपलेल्या गाडीचं कंपनी आधी इन्स्पेक्शन करते, मगच नवा विमा देते. नोकरीसाठी काही वर्षं बाहेर जाणाऱ्यांनी गाडी विकून टाकावी आणि कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्यावं. पुढे नवी गाडी घेताना ते तीन वर्षांपर्यंत चालतं.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 प्रमाणे सार्वजनिक जागी वाहन वापरायचं तर थर्ड पार्टी विमा सक्तीचा. उभी गाडी म्हणजे ‘वापर’ नव्हे, असं वाटेल; पण एक जुना खटला वेगळंच सांगतो. सातारा जिल्ह्यात कवठ्याजवळ 1987 मध्ये पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून महामार्गाच्या कडेला उलटला. पेट्रोल गळत राहिलं आणि काही तासांनी स्फोट होऊन माणसं दगावली. टँकर त्या वेळी जागचा हलत नव्हता. तरी हा अपघात वाहनाच्या वापरातूनच घडला, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये ठरवलं. ज्यांची गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभी असते, त्यांनी तर थर्ड पार्टीत खंड पडू देऊच नये. 1000 ते 1500 सीसीच्या खासगी कारसाठी जून 2022 पासूनचा दर वर्षाला 3,416 रुपये आहे. एवढ्यासाठी ही जोखीम घेण्यात अर्थ नाही.

पैसे वाचवायचेच असतील तर त्याचीही वाट आहे, फक्त एजंट ती सहसा आपणहून सांगत नाहीत. 2002 च्या मोटार टॅरिफमध्ये गॅरेजमध्ये ठेवलेल्या, न वापरलेल्या गाडीसाठी तरतूद आहे. गाडी सलग किमान दोन महिने बंद राहणार असेल आणि कंपनीला तसं आधी लेखी कळवलं, तर पुढच्या प्रीमियममध्ये वजावट किंवा मुदतवाढ मिळू शकते. आग, चोरी, दंगल, वादळ, पूर, भूकंप यांचं संरक्षण त्या काळात चालू राहतं. बाकी सगळी जबाबदारी स्थगित होते. त्यामुळे या काळात भाच्याने ‘जरा स्टेशनपर्यंत’ म्हणून गाडी काढली आणि कोणाला धक्का लागला, तर भरपाई तुमच्या खिशातून जाईल. हे ज्याच्या हाती किल्ली देता त्याला स्पष्ट सांगायला हवं. 2022 पासून किलोमीटरवर आधारलेल्या पॉलिसीही मिळतात; कमी चालणाऱ्या गाडीला त्या परवडतात.

किल्ली ठेवणाऱ्याला आणखी एक सांगा. पार्किंगमध्ये पाणी भरलं असेल, तर ओसरल्यावर ‘चालू होते का बघू’ म्हणून स्टार्टर मारायचा नाही. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की आतले भाग वाकतात, आणि ‘इंजिन प्रोटेक्ट’ घेतलेलं नसेल तर कंपनी तो क्लेम नाकारते. गाडीचे फोटो काढावेत, कंपनीला फोन करावा आणि गाडी टो करून न्यावी. चोरी झालीच तर पोलिसांत तक्रार त्याच दिवशी हवी. कंपनी दोन्ही किल्ल्या मागते, म्हणून दुसरी किल्ली आणि आरसी घरात कुठे आहे हे कोणाला तरी माहीत असू द्या. आरसी गाडीच्या कप्प्यात ठेवून जाऊ नका.

विमानाचं तिकीट काढाल त्याच दिवशी पॉलिसीची शेवटची तारीख बघा. ती तुमच्या मुक्कामात येत असेल तर रिन्यू करूनच निघा. आठवणीचा मेसेज इथल्या सिमवर येईल, ओटीपीही इथल्याच सिमवर येईल, आणि तुमचं सिम तिकडे बंद असेल.