पाणचक्की : पाण्याच्या बळावर फिरणारे जाते

तेलाची किंवा विजेची गिरणी खेडोपाडी पोहोचण्यापूर्वी घरातील पीठ घरच्याच जात्यावर दळले जाई. पहाटेच्या अंधारात स्त्रिया जात्याला बसत आणि दिवस उगवेपर्यंत घरच्या भाकरीपुरते पीठ काढीत. हे काम किती कष्टाचे होते, हे ज्याने जात्याचा खुंटा एकदा तरी हातात धरला असेल त्यास सांगावयास नको. हे श्रम वाहत्या पाण्याकडून करून घेण्याची युक्ती मानवास फार पूर्वीच साधली होती. रोमन वास्तुविद व्हित्रुव्हियस याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ग्रंथात पाण्याने फिरणाऱ्या चक्कीचे वर्णन आले आहे. इंग्लंडमध्ये १०८६ साली झालेल्या जमीनपाहणीत अशा पाच हजारांहून अधिक चक्क्यांची नोंद आढळते. आपल्या देशात हिमालयाच्या उतारावरील खेड्यांत तिला ‘घराट’ म्हणतात.

महाराष्ट्रातील मुलांना ही युक्ती दाखवावयाची झाल्यास छत्रपती संभाजीनगर (२०२३ पूर्वीचे औरंगाबाद) येथील पाणचक्कीइतके उत्तम उदाहरण क्वचितच सापडेल. खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. बाबा शाह मुसाफिर हे मध्य आशियातील बुखाऱ्याच्या परिसरातून इकडे आले. येथील बांधकामे सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत होत गेली, आणि त्यांच्याशी तुर्कताज खान व जमील बेग खान या सरदारांची नावे जोडली जातात. दर्ग्यात येणारे यात्रेकरू, तेथे राहणारे शिष्य आणि छावणीतील शिपाई यांच्यासाठी या चक्कीवर धान्य दळले जाई.

चक्कीची रचना समजण्यास कठीण नाही. घरच्या जात्याप्रमाणेच येथेही दोन दगड असतात. खालचा स्थिर, वरचा फिरता. मात्र वरच्या दगडास खुंटा नसतो. त्याला जोडलेला उभा आस खालच्या दगडाच्या मधून आरपार जातो, आणि आसाच्या तळाशी पात्यांचे आडवे चक्र बसविलेले असते. उंचावरून येणारा पाण्याचा झोत पात्यांवर आदळला की चक्र फिरते, आस फिरतो व त्याबरोबर वरचा दगडही फिरू लागतो. मुठीने धान्य वैरण्याची गरजही घराटात उरत नाही. वर टांगलेल्या टोपलीतून दाणे आपोआप पडतात, आणि फिरत्या दगडावर टेकलेली काडी त्या टोपलीस हिसके देत राहते. दगड वेगाने फिरला तर दाणे अधिक पडतात, मंद फिरला तर कमी. चक्कीचे बळ दोन गोष्टींवर अवलंबून असते : पाणी किती येते आणि किती उंचीवरून पडते. यांपैकी एक जरी कमी झाली तरी दगड मंदावतो.

तथापि पाणचक्कीचे खरे आश्चर्य चक्कीत नसून तिच्या पाण्याच्या वाटेत आहे. हे पाणी शेजारच्या खाम नदीचे नव्हे. हर्सूलच्या बाजूस, सहा ते आठ किलोमीटर अंतरावर, ते गोळा केले जाई आणि जमिनीखाली पुरलेल्या खापरी नळांतून आवारापर्यंत आणले जाई. नळ बंद असल्याने व उगम उंचावर असल्याने पाणी आपल्याच दाबाने पुढे सरके, आवारातील उंच भिंतीत वर चढे आणि तेथून खाली कोसळे. अशा नळमार्गावर मधूनमधून उभारलेल्या बुरुजांत पाणी वर येऊन पुन्हा खाली उतरे, त्यामुळे नळांत कोंडलेली हवा निघून जाई व दाबही आवरला जाई. पुढे हे पाणी मोठ्या हौदात साठे. या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत होय. उन्हाळ्यात तेथे गारवा लाभे. उरलेले पाणी खाम नदीत सोडले जाई. अशा रीतीने त्याच पाण्याने दळण, गारवा आणि पिण्याची सोय ही तिन्ही कामे साधत.

या नगरास अशी विद्या नवी नव्हती. १६१० साली खडकी या नावाने हे नगर वसविणाऱ्या मलिक अंबरने जमिनीखालून पाणी आणणारी नहर बांधली होती. पुढेही येथे अनेक नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर त्याच परंपरेतील आहे.

आता चक्कीवर लोकांचे दळण होत नाही. ती पाहण्यासाठी प्रवासी येतात. जुनी वास्तू जतन करावयाची म्हणजे भिंतींची डागडुजी करावी, आवार स्वच्छ ठेवावे, असा सर्वसाधारण समज असतो. ते करावेच. परंतु पाणचक्कीचे जतन तेवढ्याने होत नाही. भिंत ढासळली तर ती डोळ्यांना दिसते. जमिनीखालचा खापरी नळ फुटला तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. शहर वाढले, नहरींच्या वाटांवर घरे व रस्ते झाले, पाया खणताना नळ तुटले, झाडांची मुळे आत शिरली, भूजलाचा उपसा वाढला. अशा कारणांनी जुन्या नहरींची मोठी हानी झाली आहे. पाणी आटले तर दगड, आस आणि पाती जागच्या जागी राहूनही चक्की मात्र उरणार नाही. यास्तव पाणचक्की राखणे म्हणजे तिच्या उगमापासूनची सारी वाट राखणे होय. कोठे नळ गेले आहेत याचा नकाशा असणे, त्या वाटेवर खोदकाम टाळणे, गाळ वेळोवेळी काढणे आणि उगमाभोवतीची जमीन मोकळी ठेवणे, ही कामे छायाचित्रात दिसत नाहीत, परंतु चक्की त्यांच्यावरच फिरते.

शिक्षकांनी हा विषय वर्गात सहज शिकविता येईल. दोऱ्याच्या रिकाम्या रिळास पत्र्याच्या सहा पट्ट्या बसवाव्यात व ते विणकामाच्या सुईवर ओवावे. लोट्याने प्रथम वीतभर, मग हातभर उंचीवरून धार धरून रीळ केव्हा वेगाने फिरते, हे मुलांनाच सांगू द्यावे. पारदर्शक नळीच्या एका टोकास नरसाळे लावून दोन्ही टोके वर धरली व पाणी ओतले म्हणजे ‘पाणी आपली पातळी गाठते’ हे वाक्य पाठ करण्याची आवश्यकता राहणार नाही.

सहलीस नेताना मुलांना केवळ फिरता दगड दाखवून परतू नये. हे पाणी कोठून आले, हा प्रश्न त्यांना तेथे उभे करून विचारावा. गावी परतल्यावर आपल्या गावची बारव, पाट, आड किंवा जुना बंधारा यांच्याविषयी तोच प्रश्न वडीलधाऱ्यांना विचारून वहीत उत्तर लिहून आणण्यास सांगावे. ज्या गावातील मुलांना आपल्या पाण्याची वाट ठाऊक आहे, त्या गावात ती वाट नकळत बुजविली जाण्याची भीती कमी असते.